अप्पा हॉस्टेल बघून येईपर्यंत

हैदराबादच्या विद्यापीठात माझा एम.ए.ला नंबर लागला हे मला नांदेडच्या बसस्थानकावर कळलं. मुखेडच्या गाडीची वाट बघत मी बाकड्यावर बसले होते, मांडीवर कपड्यांची पिशवी होती, आणि मोबाइलवर मेल आला. मी तो तीनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना माझं नाव बरोबर लिहिलंय का एवढंच बघितलं. खाली लिहिलं होतं की येत्या गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत संकेतस्थळावर जाऊन जागा निश्चित करायची, नाहीतर ती पुढच्या उमेदवाराला दिली जाईल.

तो शुक्रवार होता. पुढचे सहा दिवस कसे गेले ते मला लिहून काढायचं आहे. कारण मी हैदराबादला गेले नाही, आणि का गेले नाही याची लोक जी कारणं सांगतात त्यातलं एकही खरं नाही. मी सांगते ते तरी सगळं खरं असेल का, माहीत नाही. निदान मी तिथं होते.

आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मीच पहिली. अप्पा, म्हणजे माझे वडील, सातवीपर्यंत शिकले. मुखेडला बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की लोक ती त्यांच्याकडे आणून टाकतात. अप्पा आतली करपलेली तांब्याची तार काढतात आणि नवी गुंडाळून देतात. आई चौथी शिकली. थोरली बहीण, अक्का, दहावीनंतर घरी राहिली आणि तिचं लग्न तेलंगणात, बोधनच्या पलीकडच्या एका गावात झालं. मी अकरावी-बारावीला लातूरला होते, मग नांदेडला समाजशास्त्र घेऊन बी.ए. केलं. समाजशास्त्र म्हणजे काय हे तीन वर्षांत मला आईला नीट सांगता आलं नाही. ती शेजारणींना सांगते, "समाजाचं हाय कायतरी."

घरी पोचल्यावर मी लगेच काही बोलले नाही. या सगळ्यात माझा दोष किती हे सांगायचं तर इथूनच सुरुवात करायला हवी. शनिवारचा अख्खा दिवस मी योग्य वेळेची वाट बघण्यात घालवला. अप्पा जेवायला बसले की सांगू म्हटलं, तर जेवताना गिऱ्हाइकाचा फोन आला. संध्याकाळी सांगू म्हटलं, तर वीज गेली आणि ते ओट्यावर शेजाऱ्यांत जाऊन बसले. शेवटी रविवारी सकाळी ते चहा पीत असताना मी एका दमात सांगून टाकलं.

"अप्पा, माझा हैदराबादला नंबर लागला."

"कशाचा?"

"एम.ए.चा. परीक्षा दिली होती ना मी. मोठं विद्यापीठ आहे ते."

"बरं झालं की," अप्पा म्हणाले. बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "नांदेडला न्हाई का ते?"

"आहे. पण तिथलं वेगळं आहे."

वेगळं म्हणजे काय, हे त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं. मी उत्तर तयार ठेवलं होतं. ज्यांची पुस्तकं आम्हाला बी.ए.ला होती त्यातले काही लोक तिथं शिकवतात, वाचनालय दिवसभर उघडं असतं, वर्गात वेगवेगळ्या राज्यांतली मुलं असतात. पण अप्पांनी विचारलं नाही. आई चुलीपासून म्हणाली, "दुसऱ्या राज्यात एकटी पोरगी? आपलं कोण हाय तिथं?"

मी मोजायला लागले. आमच्या एका गल्लीतल्या तीन घरांतली माणसं हैदराबादला असतात. अप्पांचा चुलतभाऊ, माझे काका, तिथं सेंट्रिंगच्या कामावर आहेत, बायको-लेकरांसकट. समोरच्या घरातला वॉचमन आहे. कोपऱ्यावरच्या घरातली दोन भावंडं फरशी बसवतात. त्यांच्या दाराला दहा महिने कुलूप असतं. मी सगळ्यांची नावं घेतली.

"ते कामाला गेलेत," आई म्हणाली. "कामाला गेलेलं माणूस गेलेलं नसतंय. सणाला येतंय, जत्रेला येतंय. शिकायला गेलेलं येत न्हाई."

ती खोटं बोलत नव्हती. आमच्या मागच्या गल्लीतल्या मास्तरांचा मुलगा इंजिनिअर झाला आणि आता त्याचे आईवडीलच वर्षातून एकदा त्याला भेटायला जातात. मी म्हणाले, "अक्कापण दुसऱ्या राज्यातच आहे की."

"तिला दिलंय," आई म्हणाली.

एवढंच. जणू दिलेल्या माणसाला राज्य नसतं. अक्काचं स्थळ आलं तेव्हा तेलंगणा हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. अप्पा, मामा आणि भावकीतले दोघं जीप करून घर बघायला गेले. पाणी बघितलं, जनावरं बघितली, दोन घरं सोडून एका म्हातारीला माणसं कशी आहेत म्हणून विचारलं, आणि संध्याकाळी परत येऊन हो म्हणाले. अक्का आज आमच्याशी मराठीत आणि सासूशी तेलुगूत भांडते. तिला कुणी विचारलं नाही की तिथं तुझं कोण आहे.

हे सगळं मी त्या सकाळी बोलले का? नाही. मी एवढंच म्हणाले की गुरुवारी पाचपर्यंत कळवायचं आहे.

"तारीख वाढती गं माय," अप्पा उठता उठता म्हणाले. "तू असं कर, लातूरला जा. मामाला इचारून ये. त्याला शिक्षणातलं कळतं."

आता हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगायला हवं. आमच्याकडे शेवटची तारीख ही शेवटची नसते. परीक्षेचा फॉर्म असो, शिष्यवृत्तीचा असो, प्रवेश असो, मुदत संपायच्या आदल्या दिवशी नोटीस लागते आणि आठ दिवस वाढतात. मग पुन्हा वाढतात. मी स्वतः बी.ए.ची तिन्ही वर्षं पहिल्या तारखेला कधी फॉर्म भरला नाही. पहिल्या तारखेला फॉर्म भरणाऱ्या मुलीला आमच्या वर्गात सगळे हसायचे. त्यामुळे अप्पा जे म्हणाले ते मला त्या वेळी अडाणीपणाचं वाटलं नाही. मनाच्या एका कोपऱ्यात मलाही वाटलं, वाढेलही.

सोमवारी मी लातूरला निघाले. शिरूर ताजबंदला गाडी बदलली. खिडकीतून बाहेर बघत मी मामाशी काय बोलायचं ते मनात म्हणून बघत होते.

मामा शाळेत क्लार्क होते, आता निवृत्त आहेत. लातूरला त्यांचं दुमजली घर आहे. वरचा मजला त्यांनी दोन मुलांसाठी बांधला. थोरला बंगळुरूला आहे, धाकटा पुण्याला. वरच्या खोल्या आता बाहेरगावाहून आलेल्या आयांना दिल्या आहेत. लातूरला हे नवं नाही. मुलगा किंवा मुलगी अकरावीला गेली की आई घर सोडून त्याच्याबरोबर खोली करून राहते, डबा करते, क्लासच्या वेळा सांभाळते, आणि दोन वर्षांनी मेडिकलची परीक्षा झाली की गावी परत जाते. मी अकरावी-बारावीत मामांकडेच होते. तेव्हा खालच्या खोलीत मी एकटीच आईशिवाय अभ्यास करायचे. माझा मेडिकलला नंबर लागला नाही, हेही मामा अजून विसरले नव्हते.

"पुण्याला का न्हाई?" मामांनी सगळं ऐकून घेऊन विचारलं. "राज्यातल्या राज्यात."

"मामा, पुण्याला जायला रात्र जाते. मुखेडहून देगलूरमार्गे सकाळी निघालं तर माणूस दुपारच्या जेवणाला हैदराबादेत असतं."

"अंतराचं न्हाई गं. उद्या काही झालं तर भाषा आपली पाहिजे, पोलीस आपला पाहिजे."

"काय होणार आहे?"

"ते आधी कळलं असतं तर काय पाहिजे होतं," मामा म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

मामी आतून आली. तिच्या हातात पोहे होते आणि चेहऱ्यावर राग. राग कुणावर ते कळत नव्हतं. "जाऊ द्या की तिला. न्हाई गेली तर काय बापाच्या दुकानात मोटारी भरील?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पण जाऊन तू येशील का गं? खरं सांग. आमचे दोघं बघ. ह्यांनी पोरांसाठी माडी बांधली, आता रेणापूरवाली आणि किल्लारीवाली झोपतेत तिच्यात."

मी म्हणाले, "येईन." पण माझा आवाज मलाच खोटा वाटला. मला खरंच माहीत नव्हतं. दोन वर्षांनी मी कुठं असेन हे आज कसं सांगू? आणि एखाद्या मुलाला हे कुणी विचारतं का? मामीच्या धाकट्याला पुण्याला पाठवताना तिनं विचारलं होतं का? हेही मी मनातच म्हणाले.

तेवढ्यात वरची रेणापूरची बाई पाण्याची मोटार चालू करायला सांगायला खाली आली. तिचा मुलगा बारावीला होता. नवरा गावी एकटाच भाकरी थापून खातो असं ती हसत हसत सांगायची. काय चाललंय म्हणून तिनं विचारलं, मामीनं सांगितलं. तिनं माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं.

"तुला जागा लागली?"

"हो."

"पत्र आलं?"

"हो, मेल आला."

"आगं मग इथं काय करून राहिलीस?" ती म्हणाली. "मी एका जागेसाठी दोन साल झालं घर सोडून बसले. तुला लागली तर तू लोकाला इचारत फिरून राहिली?"

सगळे हसले. मीही हसले. आता वाटतं, त्या सहा दिवसांत माझ्याशी कुणी खरं बोललं असेल तर ती बाईच, आणि मी तिचं बोलणं हसण्यावारी नेलं.

मामांनी मला मंगळवारी थांबवून घेतलं. त्यांच्या ओळखीच्या एका सरांना विचारायचं होतं. सर म्हणाले, विद्यापीठ चांगलं आहे. ते मला माहीत होतं. रात्री जेवताना मामांनी निर्णय दिला. "माझी काही हरकत न्हाई. तुझे अप्पा हो म्हणले तर जा."

म्हणजे मी मुखेडहून लातूरला जो प्रश्न घेऊन गेले होते तोच जसाच्या तसा परत घेऊन निघाले. बुधवारी एस.टी.त मला इतका राग आला होता की शेजारच्या बाईनं विचारलं, पोटात दुखतंय का. कुणी नाही म्हणत नव्हतं. नाही म्हटलं असतं तर मी भांडले तरी असते, रडले असते, जेवले नसते. अप्पांनी मामांवर सोडलं, मामांनी अप्पांवर सोडलं, आणि आईनं तर ते पुरुषांवर सोडून आधीच हात झटकले होते.

घरी आले तर अप्पा नव्हते. दुकानाला कुलूप होतं. अप्पा दुकान सहसा बंद ठेवत नाहीत. त्यांना ताप आला तरी ते आत खाटेवर पडून गिऱ्हाइकाशी बोलतात.

"नांदेडला गेलेत, तार आणायला," आई म्हणाली.

"आजच? मी येणार होते ना आज?"

"येतेत उद्या."

तार आणायला माणूस नांदेडला मुक्काम करत नाही. मला तेव्हाच विचारायला हवं होतं. मी फोन लावला, त्यांनी उचलला नाही. मला वाटलं, मुद्दाम गेलेत. माझ्यासमोर नाही म्हणायला नको म्हणून गुरुवार टळेपर्यंत बाहेर राहणार आहेत. हा विचार माझ्या डोक्यात एकदा आला आणि मग गेलाच नाही. बुधवारी संध्याकाळी मी आईशी बोलले नाही. आई माझ्याशी बोलायचा प्रयत्न करत राहिली. अक्काच्या म्हशीला रेडकू झाल्याचं सांगितलं, लातूरला काय खाल्लं ते विचारलं.

गुरुवारी अकराच्या सुमाराला अप्पांनी फोन उचलला. मागं गाड्यांचा खूप आवाज होता.

"अप्पा, कुठं आहात?"

"आहे की. आलोच उद्या सकाळी. बोलू आपण."

"उद्या नाही अप्पा, आज पाचपर्यंत आहे. मी सांगितलं होतं."

"अगं वाढवतेत. घाबरू नको. आलोच मी."

"हे लोक नाही वाढवत. तुम्ही हो म्हणताय की नाही तेवढं सांगा."

"फोनवर असं काय सांगावं. आलो म्हणलं ना." फोन बंद झाला. नंतर लागला नाही.

दुपारी साडेचारला मी मोबाइल घेऊन खाटेवर बसले. ते पान उघडलं. वर माझं नाव, खाली एक निळी चौकट. ती दाबली की पुढं शुल्क भरायचं, तेवढे पैसे माझ्या खात्यात होते. मला कुणाच्या सहीची गरज नव्हती. कुणाकडे काही मागायचं नव्हतं. फक्त अंगठा टेकवायचा होता. आई समोर भिंतीला टेकून तूर निवडत बसली होती. तिला अंदाज होता मी काय करतेय.

पावणेपाच झाले. मी दोनदा अंगठा जवळ नेला. मला भीती कशाची वाटत होती हे मी तेव्हापासून स्वतःला विचारतेय. अप्पा मारतील, घराबाहेर काढतील असं काही नाही. ते माझ्याशी कधी आवाज चढवून बोललेले नाहीत. बहुतेक हेच कारण असेल. ज्या माणसानं कधी नाही म्हटलं नाही, त्याला वगळून पुढं कसं जायचं ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं. शिवाय दुसरंही एक होतं, ते कबूल करायला लाज वाटते. मला आतून वाटत होतं, वाढेल तारीख. सकाळपर्यंत वाढेल.

पाच वाजून दहा मिनिटांनी मी पान पुन्हा उघडलं तेव्हा निळी चौकट राखाडी झाली होती. दाबली तरी काही होत नव्हतं.

"झालं का?" आईनं विचारलं.

"झालं," मी म्हणाले.

शुक्रवारी सकाळी आठला अप्पा आले. सदरा चुरगळलेला, डोळे लाल, पण इतके खुशीत की दारातूनच बोलायला लागले. ते हैदराबादला गेले होते. सेंट्रिंगवाल्या काकांना एक दिवसाची सुट्टी घ्यायला लावून त्यांच्याबरोबर ते विद्यापीठ शोधत गेले होते. अक्काचं घर बघायला गेले होते तसेच ते माझं हॉस्टेल बघायला गेले होते.

"लई मोठं हाय," ते आईला सांगत होते. "आतच बस फिरती. झाडं बघ किती. मुलींच्या हॉस्टेलात मला सोडलं न्हाई, बरंच हाय ना ते. फाटकावर बाईमाणूस बसतंय. तिला इचारलं, पाण्याचं कसं. चोवीस तास म्हणली. खानावळीतल्या माणसाला भेटलो. भात लई असतो, चपाती पण देतेत. मग दोन पोरी बाहेर आल्या, मराठीत बोलून राहिल्या होत्या. म्हणलं, कुठल्या गं तुम्ही? परभणीच्या निघाल्या!" त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्यापुढं धरला. "नंबर घेऊन आलो त्यांचा. म्हणल्या, काका, पाठवा बिनधास्त."

मोबाइलमध्ये त्यांनी फोटो काढले होते. फाटक, पाण्याची टाकी, खानावळीची पाटी, आणि फाटकावरच्या बाई काकांशेजारी ताठ उभ्या. एक फोटो नुसत्या विजेच्या खांबाचा होता. तिथं दिवे रात्रभर असतात हे विचारून घेतलं म्हणाले.

"जा तू," अप्पा म्हणाले. "माझं हो हाय."

मी तो कागद हातात धरून उभी होते. मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा मी अप्पांवर ओरडले.

"काल पाचला संपलं ते! काल! मी फोनवर सांगत नव्हते का तुम्हाला?"

अप्पांना आधी कळलंच नाही. मग ते म्हणाले, "वाढली असंल की. बघ मोबाइलात."

नव्हती वाढली. दहा वाजता मी विद्यापीठाच्या कार्यालयात फोन लावला, अप्पा शेजारी बसून ऐकत होते. पलीकडच्या बाई इंग्रजीत, शांतपणे बोलल्या. त्यांनी माझा क्रमांक बघितला, वाईट वाटलं असं म्हणाल्या, आणि जागा पुढच्या विद्यार्थ्याला कळवून झाल्याचं सांगितलं. अप्पा मला खुणा करत होते, सांग, वडील स्वतः येऊन गेले म्हणावं. मी ते सांगितलं नाही. इंग्रजीत ते कसं सांगायचं मला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी त्याचा काय उपयोग होता?

त्यानंतर दोन दिवस अप्पा फोन करत राहिले. मामांना केला, मामांनी त्यांच्या ओळखीच्या सरांना केला. कुणीतरी पुढाऱ्याचं पत्र घेऊन जा म्हणाला. अप्पा खरोखर पुन्हा जायला निघाले होते, मीच थांबवलं. त्यांच्या हिशेबी ते स्वतः दोन दिवस खर्चून, माणसांना भेटून आले होते. प्रत्यक्ष जाऊन आलेल्या माणसाला एका राखाडी चौकटीनं परत पाठवावं हे त्यांना पटतच नव्हतं. मला त्यांच्यावर धड रागावताही येईना. जो बाप नाही म्हणायचं टाळतोय असं मी बुधवारपासून धरून चालले होते, तो त्या वेळी फाटकावर उभा राहून माझ्यासाठी पाण्याची चौकशी करत होता. आणि तरी राग होताच. अजून आहे. सांगून गेले असते तर? "मी हॉस्टेल बघायला चाललो" एवढं वाक्य म्हटलं असतं तर? आईला ते माहीत होतं. बघून आवडलं नाही तर पोरीचा जीव कशाला टांगणीला लावायचा, म्हणून तिनं तार आणायला गेलेत असं सांगितलं. मुलगी देताना घर पसंत पडेपर्यंत मुलीला काही सांगत नाहीत, तसंच.

मग मी नांदेडला एम.ए.ला प्रवेश घेतला. तिथली तारीख दोनदा वाढली.

नांदेडचं वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. शिकवणारे मनापासून शिकवतात. पण वर्गात बसल्यावर मला कधी कधी असं वाटतं की मी कुणा दुसऱ्याच्या जागी बसले आहे. एकदा सरांनी स्थलांतर शिकवताना विचारलं, तुमच्यातलं कोण इथंच राहणार आणि का? एक मुलगा म्हणाला, इथं आपली माणसं आहेत. एक मुलगी म्हणाली, मातीशी नातं. माझं उत्तर वेगळं होतं. जायचं तर ठरवावं लागतं, फॉर्म भरावा लागतो, चार जणांना पटवावं लागतं. राहायला काहीच करावं लागत नाही. माणूस नुसता बसून राहिला, पाच वाजून गेले, की राहतो. हे उत्तर वर्गात कसं देणार?

मुखेडला मात्र लोकांना कारण सापडलं होतं. आईची तब्येत बरी नव्हती म्हणून मी गेले नाही, असं एकीनं मलाच सांगितलं. दुसरी म्हणाली, बापाला सोडून जाववलं नाही. मी ऐकून घ्यायचे. मला वाटायचं, हे गल्लीतून आपोआप तयार झालं असेल.

संक्रांतीला मी घरी आले होते. दुपारी अप्पांचा डबा घेऊन दुकानात गेले. ते कॉइल भरत होते, हँडल फिरवून साच्यावर बसणारे तारेचे वेढे तोंडानं मोजत. मोजताना त्यांच्याशी बोलायचं नसतं. बाकावर एक गिऱ्हाईक बसलं होतं, जवळच्या गावातले एक काका. मोटार जळाली म्हणून गव्हाचं पाणी थांबलं होतं.

"ही का तुमची कॉलेजवाली?" काकांनी विचारलं. "हैदराबादला जाणार होती म्हणं?"

अप्पांनी हात थांबवला नाही, वेढे बोटांवर मोजत ते म्हणाले, "हाव, लागला होता नंबर. मी तर जा म्हणलं. तिनंच न्हाई म्हणलं. आईला टाकून कुठं जाऊ म्हणली."

"शहाणी हाय," काका म्हणाले. "आजकालची पोरं कुठं बघतेत आईबापाकडं."

मी डबा ठेवला. मला कळलं की गल्लीतली सगळी कारणं याच दुकानातून निघाली आहेत. ते लबाडीनं बोलत नव्हते. त्यांना हेच खरं असायला हवं होतं, म्हणजे कुणाचंच काही चुकलं नसतं. आणि मी गप्प राहिले असते तर थोड्या वर्षांनी मीही तेच सांगायला लागले असते.

"काका, मी नाही म्हटलं नव्हतं," मी म्हणाले. "मला जायचं होतं. अजून जायचं आहे. आमच्याकडून उशीर झाला. अप्पांकडूनही आणि माझ्याकडूनही."

काका एकदम आपल्या चपलांकडे बघायला लागले. अप्पांचा हात थांबला. बोटावरचा आकडा गेला होता, ते त्यांच्या चेहऱ्यावरच दिसलं. मोटार कधी मिळेल म्हणून काकांनी विचारलं, अप्पा म्हणाले उद्या, आणि काका चहा प्यायला म्हणून उठून गेले.

"गिऱ्हाइकापुढं कशाला बोलायचं असं?" अप्पा म्हणाले.

"तुम्ही पण गिऱ्हाइकापुढंच बोललात."

ते तार साच्यावरून सोडवायला लागले. सगळी सुटल्यावर म्हणाले, "पुढच्या साली परत फॉर्म निघतो का तसला?"

"निघतो."

"मग मामाला एकदा इचारून—"

"मी भरला, अप्पा. परवा."

त्यांनी मान वर केली. "मला न इचारता?"

"हो."

मी पुढं काही समजावायला जाणार होते, की रागावू नका, की परीक्षा अजून व्हायची आहे, की नंबर लागेलच असं नाही. पण मी ते काहीच म्हणाले नाही. अप्पांनी माझ्यावरची नजर काढून घेतली. ते रागावले होते की नाही हे मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी तारेचं टोक साच्याला अडकवलं, हँडल धरलं, आणि पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.